घरातच थांबा म्हणता, पण कोणत्या घरात?

अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की आपल्या मोबाइलवर एक यादी फिरू लागते. टॉर्च आणि जास्तीचे सेल घेऊन ठेवा. पॉवर बँक चार्ज करा. इन्व्हर्टरच्या बॅटरीतले पाणी तपासा. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्टी लावा. बाल्कनीतल्या कुंड्या आत घ्या. गाडी झाडाखाली उभी करू नका. तीन दिवस पुरेल एवढे कोरडे खाणे आणि पिण्याचे पाणी भरून ठेवा. आणि शेवटी ठळक अक्षरांत : घरातच थांबा, सुरक्षित राहा.

मी मालाड पूर्वेला, कुरारच्या डोंगरउतारावर राहतो. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, त्यावर सिमेंटचा पत्रा. खिडकी एक आहे, ती उघडली की शेजारच्यांची भिंत लागते. बाल्कनी, कुंड्या, गाडी, इन्व्हर्टर यांतले काहीच नाही. तरीही ही यादी मला दरवर्षी किमान दहा ग्रुपवर येते, आणि त्यातले सहा ग्रुप आपल्याच कार्यकर्त्यांचे असतात. म्हणजे आपणही ती न वाचता पुढे ढकलतो.

यादी खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. टॉर्च हवीच, पाणी हवेच. पण ती लिहिणाऱ्याने 'घर' हा शब्द लिहिताना स्वतःचे घर डोळ्यांपुढे ठेवले आहे. सिमेंट काँक्रीटचा स्लॅब, नावावरचे मीटर, टाकीत पाणी, खाली वॉचमन. तिथे बाहेर धोका आहे आणि आत सुरक्षितता आहे. ज्याच्या घराची भिंत आणि छप्पर हाच धोका आहे, त्याने 'घरातच थांबा' हे वाचून नेमके काय करायचे?

हा प्रश्न मी शब्दांचा खेळ म्हणून विचारत नाही. मालाडने त्याचे उत्तर दोनदा दिले आहे.

2 जुलै 2019, मध्यरात्र उलटून गेलेली. सांताक्रूझच्या केंद्रावर त्या 24 तासांत 375 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मालाड पूर्वेला पिंपरीपाडा आणि आंबेडकर नगर या वस्त्यांच्या वरच्या अंगाला महानगरपालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत होती. बांधून जेमतेम दोन वर्षे झाली होती. भिंतीमागे पाणी तुंबले, भिंत फुटली आणि पाणी, दगड, चिखल असे सगळे झोपलेल्या माणसांवर आले. तीसहून जास्त माणसे मेली. त्यात लहान मुले किती होती हे ज्यांनी शताब्दीच्या आणि ट्रॉमाच्या दारात रात्र काढली त्यांना विचारा.

भिंतीचे नाव 'संरक्षक'. संरक्षण कोणाचे? वर शहराला पिण्याचे पाणी देणारा जलाशय. खाली वनखात्याच्या जमिनीवरची वस्ती, जिथे अधिकृत नळ मिळवायला माणसाचे अर्धे आयुष्य जाते. पाण्याचे रक्षण माणसांपासून करायचे होते. माणसांचे रक्षण भिंतीपासून करायचे कोणाला सुचले नाही.

दुसरी तारीख 9 जून 2021. मालाड पश्चिमेला मालवणीच्या न्यू कलेक्टर कंपाउंडमध्ये रात्री अकराच्या सुमारास एक बैठे बांधकाम, मजल्यावर मजला चढवलेले, शेजारच्या घरावर कोसळले. 12 माणसे मेली, त्यांतली 8 मुले. नऊ जण एकाच कुटुंबातले. त्याआधी तीन आठवडे, 17 मे रोजी, तौक्ते चक्रीवादळ मुंबईला घासून गेले होते. वादळानंतर त्या इमारतीत काही फेरफार, दुरुस्ती केली गेल्याचे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते. म्हणजे वादळ ज्या दिवशी गेले त्या दिवशी संपले नव्हते. ते भेगांमध्ये, सैल झालेल्या अँगलमध्ये, घाईघाईने बसवलेल्या खांबामध्ये तीन आठवडे थांबून राहिले.

आंबेडकर नगरातली माणसे आणि मालवणीतली माणसे, दोघेही त्या रात्री घरातच थांबले होते.

तौक्तेचा दिवस मला चांगला आठवतो. सोमवार, लॉकडाऊन चालू. सकाळपासून वारा घोंगावत होता, दुपारी त्याचा आवाज बदलला. पत्रा हवेत उडण्याआधी थरथरतो, त्याचा एक वेगळा कडकड आवाज असतो. ज्याच्या डोक्यावर स्लॅब आहे त्याला तो कधी ऐकू येत नाही. शहरात ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले. सांताक्रूझला 24 तासांत 230 मिलिमीटर पाऊस, तोही मे महिन्यात. आमच्या गल्लीत दुपारी वीज गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. वीज गेली की डोंगरावर पाणी चढत नाही, कारण खालून पाणी चढवणारी मोटार बंद. पाणी नाही म्हणून सार्वजनिक संडास बंद. मोबाइल संपला म्हणून कामावरच्या मॅडमना 'आज येऊ शकत नाही' हे कळवता येत नाही, आणि न कळवता खाडा केला म्हणून पगार कापला जातो. फ्लॅटमध्ये वीज जाणे म्हणजे अंधार आणि उकाडा. वस्तीत वीज जाणे म्हणजे पाणी, संडास, रोजगार एका झटक्यात जाणे. यादीत याबद्दल एक ओळ नाही.

त्याच वादळात समुद्रात काय झाले तेही विसरू नका. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात पी-305 नावाचा तराफा बुडाला आणि त्यावरचे सत्तरच्या आसपास कामगार मेले. हवामान खात्याचा इशारा काही दिवस आधीच आला होता. इशारा कामगारांनाही ठाऊक होता. पण तराफा कधी हलवायचा हे ठरवण्याचा अधिकार तराफ्यावर झोपणाऱ्या कंत्राटी मजुराला नव्हता. माहिती असणे आणि निघता येणे यांत जे अंतर आहे, ते मी पुढे सांगणार आहे त्याचा गाभा आहे.

आता दुसरी बाजू पाहा. तौक्तेच्या दोन दिवस आधी महानगरपालिकेने बीकेसी, मुलुंड आणि दहिसरच्या जंबो कोविड केंद्रांतून 580 रुग्ण एका रात्रीत इतर रुग्णालयांत हलवले. केंद्रे तात्पुरत्या मांडवांची होती, वाऱ्यात टिकणार नाहीत म्हणून. चांगले केले, अभिनंदन. यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, तात्पुरत्या छपराखाली वादळात माणसे ठेवू नयेत हे प्रशासनाला पक्के ठाऊक आहे. दोन, ठरवले तर ऑक्सिजनवरची माणसेसुद्धा एका रात्रीत हलवता येतात. मग मालवणीच्या अंबोजवाडीत, कुरारच्या क्रांतीनगरात, आप्पापाड्यात दर पावसाळ्यात जे होते त्याला 'नैसर्गिक आपत्ती' म्हणायचे की निवड म्हणायची? वारा निसर्गाचा. पत्रा, उतार, नाला, फुटणारी भिंत आणि नसलेला नळ, ही सगळी माणसांची करणी आहे.

यावर एक ठरलेले उत्तर येते आणि ते फक्त सरकारी कचेरीतून येत नाही, आपल्यातल्या शिकून बिल्डिंगमध्ये राहायला गेलेल्यांच्या तोंडूनही येते. 'अहो, त्यांना नोटीस दिली होती. स्थलांतर करा म्हणून भोंग्यावर सांगितले होते. लोकच निघत नाहीत. अडाणीपणा आहे.'

अडाणीपणा? जरा बसून हिशेब करू.

वस्तीतला माणूस घर सोडत नाही, कारण त्याच्यासाठी घर ही मालमत्ता नाही, तो पुरावा आहे. 1 जानेवारी 1995, मग 1 जानेवारी 2000, मग 2011 पर्यंतच्यांसाठी पैसे भरून घर. मुंबईत झोपडीवासीयाचे नागरिकत्व अशा तारखांवर लटकलेले असते. सर्व्हेवाला येईल तेव्हा दारात कोणीतरी हवे. घर रिकामे दिसले तर शेजारी, दादा किंवा दलाल कुलूप बदलेल. पावसाळ्यात 'धोकादायक' म्हणून रिकामी केलेली खोली पावसाळ्यानंतर परत मिळेल याची लेखी हमी कोणी देत नाही. 2004-05 च्या हिवाळ्यात याच शहरात हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरला तेव्हा 'तात्पुरते बाजूला व्हा' हे शब्द लोकांनी ऐकले होते. 13 मार्च 2023 ला आप्पापाड्यात आग लागून शेकडो झोपड्या राख झाल्या, तेव्हाही माणसे त्याच राखेवर चादरी बांधून बसली. बाहेरच्यांना ते वेड वाटले. जागा सोडली तर जागा गेली, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. यापेक्षा शहाणा हिशेब मुंबईतल्या कोणत्या गुंतवणूकदाराने केला असता?

आणि निघून जायचे कुठे? महापालिकेच्या शाळेत. शाळेची चावी कोणाकडे, हे रात्री दहा वाजता कोणालाच माहीत नसते. संडास एक, त्यालाही कुलूप. पाळी आलेल्या मुलीने काय करायचे? गरोदर बाईने जमिनीवर किती तास बसायचे? या प्रश्नांची उत्तरे देणारा माणूस आधी पाठवा, भोंगा मग वाजवा.

आपत्ती सगळ्यांना समान करते, असे एक गोड वाक्य आहे. महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या उलट आहे. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. वाडे आणि झोपड्या एकाच पहाटे मातीत गेल्या. नंतर नवी गावे वसवताना घराचा आकार कशावर ठरला? जमिनीवर. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना 250 चौरस फुटांचे घर, मोठ्या जमीनदाराला 750 चौरस फुटांचे. भूकंपाने जी उतरंड पाडली ती शासनाने मोजपट्टी लावून पुन्हा उभी केली. पिढ्यान्पिढ्या ज्यांना जमीन धारण करू दिली नाही, त्यांना 'तुझ्याकडे जमीन नाही' म्हणून लहान घर. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर दलितांना मदत छावण्यांत आणि पाण्याच्या टाकीवर कशी वागणूक मिळाली, याचे अहवाल उपलब्ध आहेत. वादळाला जात कळत नाही. मदतीच्या रांगेला कळते.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे आणि तो आपल्या पोरांना माहीत नाही, हे माझे दुखणे आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005, कलम 61 : आपद्ग्रस्तांना नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म या आधारावर भेदभाव करता येणार नाही. पाठ करून ठेवा. पण लगेच दुसरा कागद वाचा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत, पडझड झालेल्या घराला मदत द्यायची तर ते घर सक्षम प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलेले अधिकृत बांधकाम असावे, अशी अट आहे. म्हणजे जात विचारायची नाही, फक्त 'अधिकृत' आहे का एवढे विचारायचे. मुंबईत अनधिकृत जमिनीवर कोण राहते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या अटीचा अर्थ समजावून सांगायला नको. 2022 ते 2026 या काळाच्या निकषांत झोपडी नष्ट झाली तर 8,000 रुपये. तेवढ्यात आज मुंबईत पत्रे, अँगल आणि मजुरी होते का, ते कुठल्याही वेल्डरला विचारा. आणि त्या 8,000 साठीही पंचनामा लागतो, पंचनाम्याला पुरावा लागतो, पुरावा पाण्यात गेलेला असतो.

आता काही मित्रांना वाटेल की हा विषय आपल्या चळवळीचा नाही. आपला विषय संविधान, आरक्षण, अत्याचार. पत्रे, पूर आणि वीज हे काम स्वयंसेवी संस्थांचे. गेल्या वर्षी एका बैठकीत मी 'वस्तीची वादळतयारी' हा विषय मांडला तेव्हा एक तरुण सहकारी, चांगला वाचणारा, तळमळीचा मुलगा, सरळ म्हणाला, 'दादा, ताडपत्र्या वाटायला आपण काय देणगीदार मंडळ आहोत का? आपण व्यवस्था बदलायला निघालोय.'

त्याला मी तेव्हा नीट उत्तर दिले नाही. आता देतो.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते, हे आपण सगळे सांगतो. कामगार कायद्यांबद्दल बोलतो. पण त्याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते, हे आपल्यातले किती जण सांगतात? 1943 मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. त्यातून पुढे दामोदर खोरे योजना आकाराला आली. जानेवारी 1945 मध्ये त्यासाठी कलकत्त्याला झालेल्या परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे होते. पूर अडवणे, शेतीला पाणी देणे आणि वीज निर्माण करणे ही तीन वेगवेगळी कामे नाहीत, संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करावा लागतो, ही त्यामागची भूमिका. केंद्रीय पातळीवर विजेसाठी आणि जलमार्ग, पाटबंधारे यांसाठी तांत्रिक मंडळे त्यांच्याच काळात उभी राहिली. स्वस्त आणि मुबलक वीज हा त्यांच्या दृष्टीने गरिबी हटवण्याचा प्रश्न होता. ज्या माणसाने संविधान लिहिण्याआधी पुराचे आणि विजेचे आकडे घेऊन अभियंत्यांबरोबर बैठका घेतल्या, त्याच्या अनुयायांना वस्तीतला पूर आणि वस्तीतली वीज हा हलका विषय वाटतो! चवदार तळ्याचा सत्याग्रहसुद्धा शेवटी एका ओंजळभर पाण्यासाठी होता आणि ते पाणी माणूस म्हणून प्यायचे होते.

दुसरे. आपल्याला हे काम जमत नाही, हेही खरे नाही. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर लाखो माणसे येतात. गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या आईला पाणी कोण देतो? जेवणाची पंगत कोण चालवतो? मोफत तपासणीच्या टेबलामागे बसलेला डॉक्टर कोणाचा? हरवलेल्या पोराचे नाव माइकवरून पुकारणारा कोण? पालिका तिची सोय करते, पण आपली पोरे, आपल्या बाया, आपले कर्मचारी संघ हे काम इतक्या वर्षांपासून शिस्तीत करत आले आहेत. चैत्यभूमीवर जे कौशल्य आपण दाखवतो ते जूनच्या पहिल्या आठवड्यात मालाडच्या डोंगरावर कुठे जाते? जयंतीला डीजेचे भाडे आपण जमवतो. (डीजेवर मी वेगळा लेख लिहिणार आहे, इथे फाटे फोडत नाही.) त्या वर्गणीतला पाचवा हिस्सा बाजूला काढला तरी एका गल्लीचे पत्रे आवळून होतील.

आणि तिसरे, त्या मुलासाठी खास. ताडपत्री वाटणे आणि व्यवस्थेला जाब विचारणे यांत निवड करायची नसते. ज्याच्याकडे वस्तीतल्या प्रत्येक घराची नोंद आहे तोच वॉर्ड ऑफिसात उभा राहून प्रश्न विचारू शकतो. नोंद नसलेल्याला मोर्चा काढावा लागतो, आणि मोर्चा संध्याकाळी संपतो.

म्हणून तयारी. माझ्या गल्लीत आम्ही जे करतो, जे चुकलो आणि सुधारले, ते सांगतो.

सगळ्यात आधी ट्रंक. आपल्या घरात एक पत्र्याची ट्रंक असते आणि तिच्या तळाशी आजोबांचा शाळेचा दाखला असतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा विचारतात. तो पिवळा पडलेला कागद भिजला तर एका माणसाचे नाही, पुढच्या सगळ्या नातवंडांचे प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी आणि पडताळणी लटकते. आधार परत निघते, बँकेचे पुस्तक परत निघते. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या बंद पडलेल्या शाळेचे 1940 च्या दशकातले रजिस्टर परत निघत नाही. आमच्याकडे एका काकांचे असे झाले. पोटमाळ्यावरची ट्रंक गळक्या पत्र्याखाली होती, उघडली तेव्हा आत लगदा होता. त्यांच्या नातीच्या पडताळणीसाठी गावाला किती फेऱ्या झाल्या ते मी पाहिले आहे. तेव्हा पावसाळ्याआधी हा कागद बाहेर काढा. चांगल्या उजेडात स्कॅन करा किंवा फोटो काढा, सत्यप्रती काढा. मूळ कागद जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत, वर रबर बांधून. एक संच गावाला किंवा दुसऱ्या उपनगरातल्या नातेवाइकाकडे. फोटो स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवा, फक्त फोनमध्ये ठेवू नका, फोनही भिजतो. त्याच पिशवीत जुने वीजबिल, फोटोपास, रेशन कार्ड, मतदार यादीचा उतारा, मुलांचे दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या. पिशवी दाराजवळ खिळ्याला. निघायची वेळ आली तर ती आणि पोरे, बाकी काही नाही.

मग घराचा फोटो. वादळाआधी, उभे घर, आतून आणि बाहेरून, दारावरचा क्रमांक दिसेल असा. पंचनाम्याच्या वेळी 'इथे काय होते' हे सिद्ध करायचे ओझे आपल्यावरच टाकले जाते, तर ते आधीच वाहून ठेवावे.

छपराचे काम मे महिन्यातच करायचे. इशारा आल्यावर वर चढायचे नाही. भिजलेल्या सिमेंटच्या पत्र्यावरून पाय आत जाऊन दरवर्षी कोणी ना कोणी पडतो. पत्र्याचे हुक आणि वॉशर गंजले असतील तर बदलून घ्या, कडेचे पत्रे तारेने अँगलला बांधा. पत्रा उडू नये म्हणून वर ठेवलेले दगड, टायर, तुटकी सायकल खाली उतरवा. मोठ्या वाऱ्यात तो दगड शेजारच्याच्या डोक्यात जातो. भिंतीला नवी भेग दिसली, दार अचानक घासू लागले, जमिनीलगत गढूळ पाणी झिरपू लागले, की वादविवाद न करता त्या रात्री दुसरीकडे झोपायचे. आणि मालवणी लक्षात ठेवा : वादळानंतरची दुरुस्ती वादळाइतकीच सांभाळून करायची. स्वस्तातल्या कंत्राटदाराला खालचा खांब काढू देऊ नका.

वीज. वारा वाढला की मेन स्विच बंद करायचा. आपल्या गल्लीत वायरी पत्र्याला घासून गेलेल्या असतात. एक वायर सोलली की अख्ख्या छपरात करंट उतरतो आणि ओल्या भिंतीला हात लावणारे मूल चिकटते. घरात पाणी शिरले असेल तर पाणी ओसरल्यावरही वायरमनने पाहिल्याशिवाय स्विच लावायचा नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, सिलिंडर उभा आणि बांधलेला. मेणबत्ती पोटमाळ्यावर नको. आप्पापाड्याच्या आगीत सिलिंडर कसे फुटत गेले ते आपण खालून पाहिले आहे. पाणी आदल्या रात्रीच भरायचे, पिण्याचे वेगळे झाकून, आणि नंतर शंका असेल तर उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून. गुडघाभर पाण्यातून चालून आलात तर ताप यायची वाट पाहू नका. लेप्टोची प्रतिबंधक गोळी 72 तासांच्या आत, पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरांना विचारून.

विजेबद्दल आणखी थोडे, कारण इथे हक्काची गोष्ट लपलेली आहे. वीज गेल्यावर तक्रार करायला कंपनीच्या नंबरवर फोन लावा, पहिला प्रश्न येतो : ग्राहक क्रमांक? ज्याच्या नावावर मीटर नाही, जो शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढून युनिटला दुप्पट पैसे मोजतो, त्याच्या अंधाराची कुठे नोंदच होत नाही. तो अंधारात आहे हे कंपनीच्या कागदावर खरे नसते. विद्युत अधिनियम, 2003 चे कलम 43 वाचा. जागेचा मालक किंवा भोगवटादार याने अर्ज केल्यावर वीज पुरवणे हे कंपनीचे कर्तव्य आहे. मालक किंवा भोगवटादार. जमीन आपल्या नावावर नाही म्हणून मीटर नाही, असे काउंटरवरचा माणूस तोंडी सांगेल. त्याला म्हणा, लेखी द्या. पाण्याचेही तसेच. डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर स्पष्ट केले की वस्ती अनधिकृत आहे म्हणून माणसाचे पाणी तोडता येत नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. 2022 मध्ये पालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण जाहीर केले. धोरण जाहीर झाले म्हणजे नळ आला असे नाही, पण अर्ज करायला कागद आला. वादळाची तयारी ऑक्टोबरात मीटरचा आणि नळाचा अर्ज भरण्यापासून सुरू होते, जूनमध्ये मेणबत्ती घेण्यापासून नाही.

शेवटचे काम विहाराचे. प्रत्येक वस्तीत आपला एक विहार आहे, बहुतेक ठिकाणी तेच सगळ्यात पक्के बांधकाम. वंदनेनंतर अर्धा तास बसून एक वही करा. कोणत्या घरात अंथरुणावरचा माणूस आहे, कोण गरोदर आहे, कोणाला इन्सुलिन लागते, कोणाचा नवरा रात्रपाळीला असतो आणि बाई दोन पोरांसह एकटी असते, कोणाच्या घराला मागे नाला लागून आहे. कोणी कोणाला उठवायचे याची जोडी लावा. ही वही आपल्याच घरांची नसावी. गल्लीत उत्तर भारतीय आहेत, मुसलमान आहेत, आदिवासी पाड्यातली कुटुंबे आहेत. मालवणीत ढिगारा उपसणाऱ्या पोरांनी आत अडकलेल्याचे नाव आधी विचारले नव्हते. विहाराचे दार त्या रात्री सगळ्यांसाठी उघडे राहील, हे आधीच सभेत ठरवून घ्या, म्हणजे ऐनवेळी कोणी चावी खिशात घालून वाद घालत बसणार नाही. आमच्याकडे ही वही महिला मंडळाकडे आहे, कारण पुरुषांकडे दिली तेव्हा ती दोनदा हरवली. पालिकेचा आपत्ती क्रमांक 1916 आणि पोलिसांचा 112 वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला आहे.

त्या वहीची झेरॉक्स काढून वॉर्ड ऑफिसात द्यायची आणि पोच घ्यायची. सोबत चार ओळींचे पत्र : आमच्या वस्तीसाठी निवारा म्हणून कोणती शाळा ठरवली आहे, तिथे संडास किती आहेत, रात्री चावी कोणाकडे असते, आणि स्थलांतर केलेल्या कुटुंबाला त्याची जागा परत मिळेल याची लेखी हमी कोण देणार?

आम्ही हे पत्र दोन आठवड्यांपूर्वी दिले. पोच मिळाली आहे. संडासांचा आकडा तोंडी मिळाला, शाळेचे नावही मिळाले. चावी कोणाकडे असते ते अजून कोणी सांगितलेले नाही आणि हमीच्या प्रश्नावर साहेब दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतात. सोमवारी अकरा वाजता पुन्हा जाणार आहोत. ज्यांना यायचे आहे त्यांनी साडेदहाला विहारापाशी भेटा. वही घेऊन या.

जय भीम.